कॉलेजच्या मुलांमध्ये सेवाकार्य: पुण्यात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

जून उजाडला की पुण्यातल्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, एखादी बैठक होते आणि तीत कोणीतरी म्हणतं, "कॉलेजच्या मुलांसाठी काहीतरी करायला हवं." मग फ्लेक्स छापला जातो, एका शनिवारी 'युथ नाइट' ठरते, गिटार येते, समोसे येतात आणि मंडळीतलीच ओळखीची मुलं समोसे खाऊन घरी जातात. पुढच्या जूनपर्यंत विषय बंद.

ज्यांना त्यापुढे जायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. पाळकांनी नुकतीच जबाबदारी गळ्यात घातलेले तरुण संघाचे सभासद, एखाद्या विद्यार्थी संघटनेत नव्याने आलेले कार्यकर्ते किंवा निवृत्तीनंतर "आता वेळच वेळ आहे" म्हणणारे काका-काकू. काका-काकूंना या कामात कोणी कमी लेखू नये, त्याचं कारण पुढे येईलच. माझं मत असं की हे काम व्यासपीठावर थोडं आणि खोली शोधताना, डबा ठरवताना, परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या फोनवर जास्त होतं. पायऱ्याही त्याच हिशोबाने मांडल्या आहेत.

पायरी १: आलंय कोण, ते आधी पाहा

'ख्रिस्ती विद्यार्थी' असा एकच गठ्ठा नसतो. नागालँडहून आलेला मुलगा बहुधा बॅप्टिस्ट, मिझोरामची मुलगी बहुधा प्रेस्बिटेरियन. केरळची मुलं मार थोमा, सिरो-मलबार, ऑर्थोडॉक्स, सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया), पेंटेकोस्टल यांपैकी काहीही असू शकतात आणि आपापसातले फरक त्यांना नीट ठाऊक असतात. वसईची, गोव्याची मुलं कॅथलिक. अहिल्यानगर, जालना, सोलापूरकडची मराठी मुलं सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक किंवा साल्व्हेशन आर्मीच्या घरातली. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर भागातून मावची, भिल्ल कुटुंबांतली मुलं येतात. बऱ्याचदा घरातून कॉलेजात पोचलेली ती पहिलीच असतात.

आणखी एक गट कायम नजरेतून सुटतो, तो म्हणजे सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणारी मुलं. ती कुठल्याच कॉलेजच्या यादीत नसतात, गॅदरिंगला नसतात, त्यांना सुट्टीही नसते. वय पंचविशीच्या पुढे सरकत चाललेलं, गावाकडून "निकाल कधी?" एवढाच प्रश्न येणारा. मला विचाराल तर पुण्यात आज सर्वांत एकटा विद्यार्थी हाच.

शिवाय, ख्रिस्ती नसलेली पण रूममेटबरोबर सहज आलेली मुलंही असतातच. त्यांच्याबद्दल दुसऱ्या आणि पाचव्या पायरीत बोलू.

पहिल्या वर्षी एक कॉलेज किंवा एक वस्ती घ्या, जास्तीत जास्त दोन. विमाननगर, कोथरूड, लवळे, वाघोली असं सगळं एकदम पेलू पाहणाऱ्यांच्या हाती शेवटी बसची तिकिटं उरतात. कॅम्पातलं चर्च कितीही देखणं असलं तरी वाघोलीच्या हॉस्टेलवरून रविवारी सकाळी आठच्या उपासनेला पोचायचं म्हणजे साडेसहाला निघायचं. मुलं येत नाहीत याचा अर्थ त्यांची श्रद्धा आटली असाच असतो असं नाही. कधी कधी नुसती बस चुकलेली असते.

आणि कामाला हात घालण्यापूर्वी तिथे कोण आधीपासून आहे याची चौकशी करा. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट आपल्याकडे १९१२ पासून आहे, कॅथलिक विद्यार्थ्यांची संघटना आयकफ १९२४ पासून, आणि यूइएसआय (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया) १९५४ पासून. शिवाय नागा, मिझो, मल्याळी मुलांच्या स्वतःच्या संगती (फेलोशिप) असतात. त्यांच्या प्रमुखांना चहाला भेटा, आपण काय करणार ते सांगा. दुसऱ्याच्या कळपातली मेंढरं पळवून आपली संख्या फुगवण्याचा उद्योग पुण्यात पुष्कळ झालाय. त्यातून काही उभं राहिलेलं मला तरी दिसलं नाही.

पायरी २: परवानगी आणि कायदा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वगळू नका.

संविधानाचं कलम २५ धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे कलम २८ मध्ये आहे. धर्मांतराबाबतचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि ते बदलत असतात. सध्या काय लागू आहे ते मंडळीच्या ओळखीतल्या वकिलाकडून दरवर्षी एकदा समजून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी माहिती म्हणजे कायदा नव्हे.

रोजच्या व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. प्राचार्यांच्या लेखी परवानगीशिवाय कॉलेजच्या आवारात सभा नाही. गेटवर पत्रकं वाटणं नाही. हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये दार ठोठावत फिरणं नाही. अकरावी-बारावीची मुलं अल्पवयीन असतात, त्यांच्या बाबतीत पालकांच्या संमतीशिवाय पाऊल टाकायचं नाही. जमायची जागा चर्चचा हॉल किंवा मंडळीतलं एखादं घर. आणि तिथे काय चालतं ते कोणी विचारलं तर सरळ सांगता आलं पाहिजे. 'व्यक्तिमत्त्व विकास शिबिर' असं नाव देऊन आत बायबल अभ्यास घेणं ही फसवणूक आहे. मुलांच्या ती लगेच लक्षात येते.

मदतीचा आणि श्रद्धेचा धागा कधीही एकमेकांत गुंतवू नका. जेवण, फी, खोली, नोट्स यांतलं काहीही "मग रविवारी यायचं हं" या शेपटीसकट द्यायचं नाही. गमतीतसुद्धा नाही. साध्या चहावरून काय रामायण घडतं हे पुण्याला नव्याने सांगायला नको. १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने गोपाळराव जोशींनी शहरातल्या बड्या मंडळींना जमवलं, चहा-बिस्किटं पुढे आली, आणि नंतर नावं वर्तमानपत्रात छापून आली. रानडे आणि लोकमान्य टिळकांपर्यंत प्रकरण गेलं, ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, झालं, प्रायश्चित्तं झाली. तो वाद त्या काळच्या सनातन्यांचा होता आणि आज त्याचं हसू येतं. पण ज्याला चहा दिला त्याच्या डोक्यावर गावचं काय ओझं आहे हे चहा देणाऱ्याने ओळखायला हवं, एवढं मी त्यातून घेतो.

पायरी ३: प्रवेशाचे दिवस पकडा

वर्षभराच्या कामाचं अर्धं भवितव्य जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ठरतं. कला-वाणिज्य-विज्ञानाची कॉलेजं आधी सुरू होतात. इंजिनिअरिंगच्या कॅप (केंद्रीय प्रवेशाच्या) राउंड लांबत जातात आणि ती मुलं उशिरा उगवतात. नव्या शहरात पहिल्या महिन्यात ज्यांच्याशी ओळख होते त्यांच्याच सोबत मुलं पुढची तीन-चार वर्षं काढतात. डिसेंबरात फ्लेक्स लावून उपयोग नसतो तो म्हणून.

या दिवसांत मुलांना प्रवचन नको असतं, खोली हवी असते. लिव्ह अँड लायसन्स करार म्हणजे काय, महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो, पोलीस व्हेरिफिकेशन कोणी करायचं, डिपॉझिटची पावती का मागायची, कॉट बेसिस घ्यावं की पीजी, कुठल्या मेसमध्ये आठवड्यातून दोनदा तरी धड भात मिळतो, ही माहिती एका पानावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहून ठेवा. आमच्याकडच्या कागदांपैकी सर्वांत जास्त हातोहात फिरलेला कागद हाच.

आता काकूंचं कारण. कोथरूडला दोन नागा मुलींसाठी खोली बघत होतो. त्यांनी फोनवर सगळं ठरवलं होतं. प्रत्यक्ष पोचल्यावर घरमालक दारातूनच म्हणाले, "खोली गेली हो." आमच्याबरोबर मंडळीतल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी पाटीवरचं आडनाव वाचलं, "कुठले तुम्ही, सातारचे का?" असं विचारलं, आणि पंधरा मिनिटांत आम्ही आत बसून पाणी पीत होतो. मालकांच्या मनातलं खरं कारण मग बाहेर आलं. आधीच्या भाडेकरूंनी आखुनी शिजवली होती. आखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, नागा स्वयंपाकातला जीव की प्राण, पण वास असा की जिना सोडत नाही. काकू मुलींकडे वळल्या, "आठवड्यातून एकदा, खिडकी उघडी ठेवून, चालेल?" मुली हसल्या, मालकही. खोली मिळाली. मला वा तुम्हाला हे जमलं नसतं. तरुण स्वयंसेवक गिटार वाजवतो, पण घरमालकाशी बोलायला पांढरे केस लागतात.

त्या मुली रविवारी उपासनेला आल्या का? नाही. त्या त्यांच्या नागा संगतीत गेल्या आणि तेच योग्य होतं. नव्या स्वयंसेवकाचा उत्साह इथेच पहिल्यांदा ओसरतो. धावपळ केली, पदरात काय पडलं? हा प्रश्न मनात आला की काम थांबवून दोन दिवस विचार करा, कारण याचं उत्तर तुमचं तुम्हालाच शोधावं लागतं आणि ते न शोधता पुढे गेलेले लोक मुलांकडून वसुली करू लागतात.

पायरी ४: आठवड्याची बैठक

एक दिवस, एक जागा, एक वेळ. ती बदलायची नाही. मुलींच्या हॉस्टेलांचं दार बहुतेक ठिकाणी रात्री आठ-नऊच्या सुमारास बंद होतं, तेव्हा बैठक साडेसातला संपलीच पाहिजे. "अजून एक गाणं" म्हणणाऱ्याला खाली बसवायला शिका. दीड तास पुरे. त्यात खाणं शेवटी नको, सुरुवातीला ठेवा. प्रॅक्टिकल आटोपून आलेल्या मुलाला भूक लागलेली असते आणि उपाशीपोटी त्याला रोमकरांस पत्र समजत नाही.

वाचनासाठी मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय, भराभर पुढे जाणारं, एका सेमिस्टरमध्ये आटोपतं. प्रत्येकाने आपापल्या भाषेतलं बायबल उघडायचं. एकाने मराठीत वाचलं, दुसऱ्याने मल्याळममध्ये, तिसरीने मिझोत, आणि मग मोडक्या हिंदी-इंग्रजीत चर्चा. वेळ लागतो, पण लागू द्या. एकदा दुसरा अध्याय चालला होता, चौघे जण छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात तो. फ्लॅटमध्ये वाढलेली मुलं अडली होती, छप्पर फोडतात म्हणजे काय, घण आणला काय? नवापूरकडचा एक मुलगा, जो तोवर तोंडच उघडत नसे, म्हणाला, "फोडायचं कशाला? कौलं काढायची. दोघं वर, दोघं खाली. आम्ही पावसाळ्याआधी दरवर्षी काढतो." मग त्याने वहीत वासे कसे असतात ते काढून दाखवलं. त्या संध्याकाळी शिकवणारा तो होता. पुढच्या आठवड्यात तो स्वतःहून वाचायला बसला. तुम्ही बोलायचं कमी केलंत की हे घडतं, नाहीतर घडत नाही.

गाण्यांच्या बाबतीत आपल्याकडे खजिना आहे आणि आपणच तो लपवतो. इंग्रजी वर्शिप गाणी मुलांना येतातच. त्यांच्या जोडीला ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं एखादं भजन टाळांवर म्हणा. नगरकडची मुलं चमकून वर बघतात, कारण ते त्यांच्या आजीचं गाणं असतं आणि पुण्यात ते ऐकू येईल असं त्यांना वाटलेलं नसतं. मिझो मुलांना चाल दोनदा ऐकवा. तिसऱ्या वेळी ती चार आवाजांत तुम्हाला परत मिळेल. मंडळीतल्या ज्येष्ठांना एकदा हे ऐकायला बोलवा. विद्यार्थ्यांसाठी हॉलची वीज जळते ही त्यांची तक्रार तिथेच मिटेल.

पायरी ५: प्रश्न आले तर

येतीलच. उत्क्रांती, दुःख, इतर धर्म, समलैंगिकता, चर्चमधली भांडणं, पाळकाची गाडी. काहीही. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा आणि पुढच्या आठवड्यात वाचून या. ठोकून दिलेलं उत्तर मुलं तिथल्या तिथे मोबाइलवर तपासतात.

ख्रिस्ती नसलेला एखादा विद्यार्थी कुतूहलाने विचारू लागला तर सर्वांत मोठा धोका तुमच्या घाईचा असतो. कवी नारायण वामन टिळकांचंच उदाहरण घ्या. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका परदेशी सहप्रवाशाने त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि नवा करार हातात ठेवला. त्यानंतर वाचन, पत्रव्यवहार, मनातली झटापट यांत काळ गेला आणि बाप्तिस्मा झाला तो १८९५ मध्ये. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर आणखी काही वर्षं लागली, त्याही स्वतःच्या वाटेने आल्या. कवीच्या बुद्धीच्या माणसाला एवढा वेळ लागत असेल तर एकोणीस वर्षांच्या मुलाकडून तीन बैठकांत निर्णय मागणारे आपण कोण? मार्काच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून जातो, आणि येशू त्याच्यामागे धावत नाही. त्याच्याकडे पाहून येशूला प्रीती वाटली, एवढं मात्र लिहिलेलं आहे.

तो खरंच गंभीर असेल तर पाळकांकडे न्या. घरी बोलल्याशिवाय काही करू नकोस असा सल्ला द्या. गुपचूप, हॉस्टेलात, भावनेच्या भरात काहीही नाही. कागदपत्रांचं वास्तवही त्याला नीट कळलं पाहिजे. १९५०च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, आणि पुढे १९५६ पासून शिखांना व १९९० पासून बौद्धांनाही मिळतो. ख्रिस्ती झालेल्यांना तो मिळत नाही. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. हे न सांगता एखाद्याला पुढे ढकलणं म्हणजे त्याच्या शिक्षणाशी खेळणं आहे.

याच कारणासाठी बैठकीचे फोटो टाकणं बंद करा. उपस्थितीच्या वहीत जात-धर्म-गाव यांचे रकाने नकोत. देणगीदारांना अहवाल पाठवायचा असेल तर नाव-चेहरा न देता लिहा. इन्स्टाग्रामवर टॅग केलेला एक फोटो गावात पोचतो आणि त्या मुलाच्या घरी काय होतं हे आपल्याला कधी कळतही नाही.

पायरी ६: सुरक्षितता

इथे चर्चा नको, नियम हवेत. एकट्या स्वयंसेवकाने एकट्या विद्यार्थ्याला बंद खोलीत भेटायचं नाही, भेट कॅफेत किंवा चर्चच्या उघड्या व्हरांड्यात. मुलींशी बोलायला बायका हव्यातच. विद्यार्थ्यांकडून उसने पैसे घ्यायचे नाहीत आणि द्यायचेही नाहीत, मदत द्यायची ती मंडळीच्या खात्यातून, दोघांच्या सहीने. कोणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करू लागला तर नुसती प्रार्थना करून घरी पाठवू नका. त्याच्यासोबत थांबा, घरच्यांना किंवा वॉर्डनला कळवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन लावा, तिथे मराठीतही बोलता येतं. नैराश्याला 'विश्वास कमी पडला' म्हणणाऱ्या स्वयंसेवकाला त्या दिवशीच कामातून बाजूला करा.

पायरी ७: कॅलेंडर डोळ्यांसमोर ठेवा

गणपतीत रस्ते बंद, बैठक बंद. दिवाळीत हॉस्टेल रिकामं. नोव्हेंबर-डिसेंबर परीक्षा, तेव्हा बैठकीऐवजी हॉल अभ्यासासाठी उघडा ठेवा, पंखा, वायफाय आणि थर्मासभर चहा एवढंच. एमपीएससीवाल्या मुलांना तर हे वर्षभर हवं असतं. जानेवारी-फेब्रुवारीत गॅदरिंग आणि फेस्ट. त्यानंतर उपवासकाळ, ईस्टर, आणि लगेच पुन्हा परीक्षा.

नाताळ वेगळा. परीक्षा एकवीस-बावीस डिसेंबरला संपली तर ईशान्येकडच्या मुलांना घर गाठता येत नाही, तो प्रवास दोन-तीन दिवसांचा आणि तिकीट नसतंच. या मुलांना चर्चच्या कार्यक्रमाला बोलावणं पुरत नाही, घरी बोलवा. दोघा-दोघांना एकेका कुटुंबात वाटून द्या, आणि त्यांना पाहुण्यासारखं बसवू नका, करंज्या भरायला बसवा. त्यांनाही काहीतरी रांधू द्या. आमच्या एका ज्येष्ठ काकांनी बांबूच्या कोंबाचं लोणचं खाऊन दोन मिनिटं डोळे मिटून घेतले आणि मग आणखी मागितलं. पुढच्या वर्षी त्यांनी ऑक्टोबरातच विचारलं की ती मुलं आहेत ना पुण्यात.

पायरी ८: सोपवा आणि सोडा

या कामातलं सर्वांत जड दुखणं हे की जमलेली माणसं दरवर्षी निघून जातात. तीन वर्षं खपून ज्याला गाणं, वाचन, हिशोब सगळं शिकवलं तो मे महिन्यात बॅग भरून बेंगळुरूला. जूनमध्ये पुन्हा शून्यातून. अनेक चांगले स्वयंसेवक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी इथेच गळतात. उपाय एकच आहे, कामं पहिल्यापासून मुलांच्या हातात द्या. बैठक कोणी चालवायची, मेसेज कोणी टाकायचा, नव्या मुलांना घ्यायला स्टेशनवर कोणी जायचं हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी ठरवावं. ती चुका करतील, मेसेज उशिरा जाईल, पोहे करपतील. तुम्ही मागच्या रांगेत बसा.

मोबदला कशात मोजायचा? बाप्तिस्म्यांच्या आकड्यात मोजणाऱ्यांचं आणि माझं कधी जमलं नाही. माझ्या लेखी मोबदला म्हणजे बैठकीत चार वर्षं वाद घालून, कधीच प्रार्थना न केलेल्या एका मुलाने नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून नव्या मुलांच्या डिपॉझिटसाठी पैसे पाठवणं. किंवा चर्चला कंटाळून आलेली मुलगी आता दुसऱ्या शहरात रविवारशाळा घेते, तिचा "काका, अमुक गोष्ट लहान मुलांना कशी सांगू?" असा फोन. यातलं काहीही अहवालाच्या तक्त्यात बसत नाही. ज्यांच्याकडून पैसे येतात त्यांना ते सुरुवातीलाच सांगून ठेवा, नाहीतर वर्षअखेरीस आकडे फुगवायची पाळी येते.

निरोपाची तयारी एप्रिलमध्ये करू नका, तेव्हा सगळे सबमिशनमध्ये बुडालेले असतात. फेब्रुवारीतच शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा, कुठे चाललात. त्या शहरातल्या एखाद्या मंडळीला, त्यांच्या पंथाच्या असेल तर उत्तम, मुलाच्या परवानगीने दोन ओळी लिहा आणि तिथल्या एका माणसाचा नंबर त्याला द्या. त्याच बैठकीत पुढच्या वर्षीचे चार जण ठरवा आणि हॉलची किल्ली, हिशोबाची वही, खोल्यांचा तो कागद त्यांच्या ताब्यात द्या. कागदावरचे मेसचे दर मात्र आधी तपासून घ्या, ते दर जूनला वाढलेले असतात.